चोरखमाऱ्याचा गवा

रविवार, १८ नोव्हेंबर २००७

खळ्यावरचं धान काल घरात आलं. आज सकाळी अंगणात खाटेवर बसलो होतो, तर योगेश्वरी समोर येऊन उभी राहिली.

"बाबूजी, गाडीची चाबी पाहिजे होती."

सून होऊन या घरात तिला अकरा वर्षं झाली. तिने माझ्याकडे स्वतःहून काही मागितल्याचं आठवत नाही. मी विचारलं, "कायले?"

"चालवायला शिकते म्हणते."

माझ्या मुलाची, धनेंद्रची, मारुती व्हॅन फेब्रुवारीपासून गोठ्याजवळच्या टिनाच्या शेडखाली उभी आहे. तो गेल्यावर मीच तिच्यावर ताडपत्री टाकली. आता त्यावर कोंबड्या बसतात. मी म्हटलं, बॅटरी उतरली असेल. ती म्हणाली, चार्ज करून आणता येते. मी म्हटलं, तिरोड्याच्या दुकानात जायला बस आहे ना. "आहे," म्हणाली आणि उभीच राहिली. शेवटी मी "पाहतो" म्हटलं तेव्हा आत गेली.

बी-बियाण्यांचं दुकान ती चालवते, त्यात काही वाईट नाही. पण दिवाळीला तिचा भाऊ इंद्रकुमार गोंदियाहून आला होता. जाताना म्हणाला, बहीण आणि भाची तिकडे राहिल्या तर रिंकीला चांगली शाळा मिळेल. आणि आता नऊ दिवसांत गाडीची चावी. मी एकतीस वर्षं पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होतो. पाणी कोणत्या बाजूने फुटणार ते मला आधी दिसतं.

दुपारी चावी माळ्यावर ठेवली, नोकरीतल्या जुन्या डायऱ्यांच्या गठ्ठ्यामागे. इथे खरं लिहायला हरकत नाही.

गुरुवार, २२ नोव्हेंबर

चावी कॅलेंडरच्या खिळ्याला टांगलेली दिसली. रामकली सुपारी कातरत बसली होती. बेचाळीस वर्षांच्या संसारात तिने मला कोणत्या गोष्टीचा जाब विचारायचा आणि कोणत्या नाही, हे पक्कं करून ठेवलं आहे.

"माळा कोणी झाडला?" मी विचारलं.

"मीच झाडला. धूळ किती होती जी."

एवढंच. संध्याकाळी चुन्नीलाल येऊन बॅटरी घेऊन गेला. एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेला माणूस, तोच तिला शिकवणार आहे. म्हणजे हे सगळं माझ्या आधी ठरलेलं होतं.

रविवार, २ डिसेंबर

शाळेमागच्या मैदानात पहिला धडा. मी गेलो नाही. पण मैदान आमच्या मागच्या दारातून दिसतं.

अकरा वेळा गाडी बंद पडली. पोरं जमली, मग बायका जमल्या. चुन्नीलालचा आवाज घरापर्यंत येत होता. "बाई, क्लच सोडून राहिल्या का फेकून राहिल्या?" बाराव्या वेळी गाडी निघाली आणि गोलपोस्टला प्रदक्षिणा घालून आली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. योगेश्वरीच्या चेहऱ्यावर हसू वगैरे काही नव्हतं. परीक्षेला बसलेल्या माणसासारखा चेहरा होता.

धनेंद्रच्या सीटवर ती पुढे सरकून, उशी लावून बसते. ते मला पाहवत नाही.

शनिवार, ५ जानेवारी २००८

आज एक निराळीच भानगड. रिंकी चौथीत आहे. तिच्या वर्गात जंगलातल्या प्राण्यांचा धडा झाला. बाईंनी विचारलं, रानगवा कोणी पाहिलाय? हिने हात वर केला आणि सांगितलं, माझ्या आबाजींनी पाहिलाय, नुसता पाहिला नाही तर थांबवलाय. सगळी गोष्ट सांगितली म्हणे. तलावाच्या पाळीवर आबाजी एकटे, समोर हातभर शिंगांचा गवा, आबाजींनी सायकल आडवी केली आणि म्हणाले, "जाय बापा आपल्या वाटेनं." आणि गवा गेला. बाईंनी तिला फळ्यावर गव्याचं चित्र काढायला लावलं.

"बाबांनी सांगितली होती मले," रिंकी म्हणाली. "बाबा म्हणत, आपण जाऊ पाहायले, गाडीनं. आबाजी, तो गवा अजून असेल का तिथं?"

मी म्हटलं, असेल त्याचा मुलगा-नातू कोणी.

या वहीत लिहायला हरकत नाही. मी आजवर एकदाही गवा पाहिलेला नाही. चोरखमाऱ्याच्या तलावावर माझ्या नोकरीची वीस वर्षं गेली. तलावाच्या पलीकडे नागझिऱ्याचं जंगल सुरू होतं. अस्वल पाहिलं, रानकुत्रे पाहिले, एकदा ओल्या चिखलात वाघाच्या पायाचा ठसा पाहिला. गवा नाही. त्याचे खूर पाहिले, शेण पाहिलं, लोकांकडून ऐकलं. सन अठ्ठ्याहत्तरमध्ये धनेंद्र सात वर्षांचा होता आणि कालव्याच्या कडेने शाळेत जायला घाबरायचा. एका संध्याकाळी मी त्याला हे सांगितलं. दुसऱ्या दिवशी तो एकटा शाळेत गेला. मग परत विचारलं तेव्हा परत सांगितलं. दरवर्षी गव्याची शिंगं थोडी वाढत गेली. पुढे तो मोठा झाला, पाहुणे आले की स्वतःच म्हणायचा, "बाबूजी, ते गव्याचं सांगा ना." आणि मी सांगायचो.

मंगळवार, १२ फेब्रुवारी

धनेंद्रचं वर्षश्राद्ध झालं. घरचेच लोक आणि इंद्रकुमार. त्याने या वेळी शाळेचा विषय काढला नाही, जाताना माझ्या पाया पडला.

त्या दिवशीही अशीच दुपार होती. जेवून हात धुतला आणि धनेंद्र ओट्यावर बसला. म्हणाला, छातीत कसं तरी होऊन राहिलं. घाम फुटला होता. गाडी शेडखाली, टाकीत पेट्रोल, चावी त्याच्याच खिशात. घरात गाडी चालवणारा तोच एक. तो उठून शेडकडे निघाला होता, मीच त्याला धरून बसवलं. मग मी चुन्नीलालच्या घराकडे पळालो. चुन्नीलाल शेतावर. तिथून त्याला आणेपर्यंत योगेश्वरी धनेंद्रला गाडीत निजवून, त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. दार उघडंच होतं. आम्ही तिरोड्याला पोहोचलो, पण त्याचा उपयोग नव्हता.

वर्षभरात हे एकदाही लिहिलं नव्हतं.

योगेश्वरी आज दिवसभर स्वयंपाकात होती. संध्याकाळी सगळे गेल्यावर तिने गाडी धुतली. श्राद्धाच्या दिवशी गाडी धुवायची काय गरज, कळलं नाही.

शुक्रवार, १४ मार्च

ती आता दुकानात गाडीने जाते. लायसन आलं. पुढे जाणं जमतं, पण मागे येणं जमत नाही. काल रिव्हर्स घेताना धानाच्या तणसाच्या ढिगात शिरली, अर्धं तणस गाडीवर. रामकली हसून हसून खाली बसली. आज फाटकाचा खांब वाकवला. चुन्नीलाल म्हणाला, "बाई, मागं पाहून चालवा, आरशात पाहून रडू नका." ती खरंच रडत होती का, ते मला दिसलं नाही. ती उतरली, खांब पाहिला, परत बसली आणि परत मागे घेतली. परत लागला.

मला थोडं बरं वाटलं, हे कबूल करतो. मागे घेता येत नाही तोवर ती लांब जाणार नाही.

मंगळवार, १ एप्रिल

रिंकीची परीक्षा संपत आली. योगेश्वरीने जेवताना सांगितलं, तेरा तारखेला रविवार आहे, नागझिऱ्याला जाऊ. चोरखमारा फाटकातून आपली गाडी आत नेता येते, फक्त सोबत गाइड घ्यावा लागतो. उन्हाळ्यात गवे पाण्यावर येतात. "आबाजी गव्याची जागा दाखवतील," रिंकी म्हणाली.

मी म्हटलं, माझा गुडघा दुखतो. योगेश्वरी म्हणाली, गाडीतून उतरायचंच नसतं. मी म्हटलं, ऊन फार असेल. म्हणाली, सकाळी सहाला निघू. मी म्हटलं, गाडी जंगलात बंद पडली तर? तिने माझ्या ताटात भात वाढला.

नंतर रामकलीने पान लावता लावता विचारलं, "तुमाले कायचं भेव लागते जी? गव्याचं का सुनेच्या गाडीचं?"

"कशाचंच नाही."

"मग चला ना चुपचाप."

रविवार, १३ एप्रिल

आज लांब लिहावं लागणार.

सहाला निघालो. मी, रामकली, रिंकी मागे. रामकलीने दशम्या आणि कैरीचं लोणचं घेतलं होतं. फाटकावर वनरक्षकाने वहीत नाव लिहून घेतलं. "आडनाव?" योगेश्वरी म्हणाली, बिसेन. तो लिहिता लिहिता थांबला. "बायसन पाहायले बिसेन आले का?" आम्हा पवार समाजातल्या बिसेनांच्या घरी हा विनोद दर आठवड्याला होतो, तरी रामकली हसली. गाइड मिळाला तो शालीकराम, पन्नाशीचा, शांत माणूस. तो पुढे योगेश्वरीच्या शेजारी बसला. बसतानाच सांगितलं, "हॉर्न नाही, उतरणं नाही, आणि मी सांगीन तसं करायचं बाई."

योगेश्वरीने मान हलवली. वीसच्या वेगाने गाडी चालली. मला वाटलं होतं त्यापेक्षा बरी चालवते. खड्डा आला की आधी हळू करते, धनेंद्रसारखी खड्ड्यात जाऊन नाही.

मोहाची फुलं पडलेली होती, सगळीकडे त्याचा गोडसर वास. चितळं दिसली, दोन मोर, माकडं. एका ठिकाणी झाडाच्या बुंध्याला घासल्याची खूण शालीकरामने दाखवली, माझ्या छातीइतकी उंच. "गवा," तो म्हणाला. रिंकी माझ्याकडे पाहू लागली. मी खिडकीबाहेर पाहिलं.

नाल्यावर एक अरुंद रपटा आहे, एका वेळी एकच गाडी जाईल एवढा. दोन्ही बाजूंना कठडा नाही, खाली दगड. तो ओलांडून गाडी वळणावर आली आणि शालीकरामने हात वर केला. योगेश्वरीने ब्रेक मारला.

कळप रस्त्याच्या उजव्या बाजूला बांबूत होता. आधी मला झाडंच वाटली. मग एका झाडाने कान हलवला. सहा-सात माद्या, एक लालसर वासरू. पायांत पांढरे मोजे घातल्यासारखे. आणि मग डाव्या बाजूने नर रस्त्यावर आला आणि आमच्यासमोर आडवा उभा राहिला.

तीस वर्षं मी या जनावराचं वर्णन केलं. सगळं चुकीचं होतं. मी शिंगं सांगत होतो, पण शिंगांकडे नजर जातच नाही. नजर जाते पाठीवर. मानेपासून निम्म्या पाठीपर्यंत अंगाचाच एक बांध घातलेला. काळा, तेल लावल्यासारखा. आणि तो काही करत नव्हता. नुसता उभा होता, त्याचा श्वास ऐकू येत होता.

रिंकीने माझी बाही ओढली. कानात म्हणाली, "आबाजी, उतरा ना. त्याले सांगा ना, जाय बापा म्हणून."

शालीकरामने मागे वळून पाहिलं. "कोणीच उतरणार नाही," तो हळूच म्हणाला.

तिने परत बाही ओढली. तिला खात्री होती. मी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि माझ्याने आणखी एक थाप मारवली नाही. मी म्हटलं, "बेटा, मी कधीच पाह्यला नव्हता गवा. आजच पाहून राहिलो."

रामकलीने माझ्याकडे पाहिलं नाही. रिंकीचा हात बाहीवरून सुटला.

नराने डोकं खाली घेतलं आणि एक पाऊल आमच्याकडे टाकलं. फुस्स असा आवाज केला. शालीकराम म्हणाला, "बाई, त्याले पाण्यावर जायचं आहे, आपण वाटेत आहोत. गाडी बंद करू नका. हळू मागं घ्या. रपट्याच्या पलीकडे."

मागे. मी डोळे मिटले. तो तणसाचा ढीग, तो फाटकाचा खांब, सगळं डोळ्यांपुढे आलं, आणि रपट्याखालचे दगड.

गाडी हलली. डोळे उघडून पाहिलं तर योगेश्वरीने आरशात पाहायचं सोडलं होतं. ती कमरेपासून पूर्ण मागे वळली होती, एक हात सीटच्या पाठीवर, नजर आमच्या डोक्यांवरून मागच्या काचेतून रस्त्यावर. मी, रामकली, रिंकी, आम्ही तिच्या नजरेखालीच बसलो होतो. चाक रपट्यावर चढल्याचं कळलं. मग खूप वेळ काहीच कळलं नाही. मग चाक मातीवर उतरलं. तिने वाट मोकळी करून गाडी कडेला घेतली आणि तेव्हाच श्वास सोडला.

नर आला, नाल्यात उतरला. त्याच्यामागे माद्या, शेवटी वासरू. वासराचा पाय दगडावरून घसरला, ते सावरलं. आमच्याकडे कोणी पाहिलंसुद्धा नाही. पाणी पिऊन वर गेले, बांबू हलत राहिले.

"बढिया घेतली गाडी," शालीकराम म्हणाला. "किती वर्षं झाली चालवता?"

"चार महिने," योगेश्वरी म्हणाली. तो पुढे फाटकापर्यंत बोलला नाही.

फाटकाबाहेर चहाच्या टपरीवर बसलो. रिंकी दशमी खाईना. पाठ करून बसली होती. शेवटी म्हणाली, "बाबांनाही खोटंच सांगितलं होतं?"

मी म्हटलं, "हो."

"बाबांना माहीत होतं बेटा," योगेश्वरी म्हणाली.

ती कप हातात फिरवत होती. माझ्याकडे न पाहता सांगितलं. "लग्नाच्या वर्षीच ह्यांनी मला सांगून ठेवलं होतं. आठवीत असताना ह्यांनी तुमची नोकरीतली डायरी काढून वाचली, गवा कसा लिहिलाय ते पाहायला. त्या दिवसाच्या पानावर लिहिलं होतं, गेटला ग्रीस लावलं, विशेष काही नाही. मागची-पुढची पानंही पाहिली म्हणे."

मी विचारलं, "मग मला का नाही म्हणाला कधी?"

"मी पण विचारलं होतं. तर म्हणाले, बाबूजी बाकी दिवसभर पाण्याच्या पातळ्या सांगतात. ही एकच गोष्ट सांगताना उठून उभे राहतात. कोण बंद करेल?"

रामकली आपल्या पदराने रिंकीचं तोंड पुसत होती, खरं तर पुसायला काही नव्हतं. रिंकीने थोड्या वेळाने अर्धी दशमी खाल्ली आणि उरलेली माझ्या हातात दिली.

परत येताना मी पुढे बसलो.

गुरुवार, १७ एप्रिल

रिंकीने आज मला विचारलं, शाळेत आता काय सांगू? मी म्हटलं, खरं सांग. ती म्हणाली, खरं असं सांगते की गवा आला होता आणि माझ्या आईने गाडी उलटी चालवली. मी म्हटलं, बरोबर आहे, तसंच झालं.

इंद्रकुमारचा फोन आला होता. योगेश्वरी बोलत होती, मी आत होतो. "नाही दादा, रिंकी इथंच शिकेल. बाबूजींना मोतीबिंदूसाठी गोंदियाला आणायचंय, तेव्हा येते." मला मोतीबिंदू आहे हे मला कोणी सांगितलं नव्हतं. पण सकाळी पेपर वाचताना मी तो उजेडाकडे किती फिरवतो, हे घरात कोणीतरी पाहत असणार.

सोमवार, ९ जून

पेरणीचे दिवस. दुपारी एकच्या सुमारास शेजारचा घनश्याम पळत आला. त्याच्या बायकोचे दिवस भरले होते, पण आजच असं वाटलं नव्हतं. कळा सुरू झाल्या, पाणी गेलं. योगेश्वरी जेवायला घरी आलेली होती, हातात घास होता. तो ताटात ठेवला, हात धुतला नाही, नुसता पदराला पुसला.

मी फाटक उघडायला गेलो. बैलगाडी मध्येच उभी होती, ती एकट्याने ओढून बाजूला केली. कशी केली माहीत नाही. तिने गाडी मागे घेतली, एकदाही न थांबता गल्लीत काढली, घनश्यामच्या दाराला लावली. सुलोचनाबाई, घनश्यामची आई, सुनेचं डोकं मांडीवर घेऊन मागे बसली. रामकली सोबत गेली. धूळ खाली बसेपर्यंत मी गल्लीतच उभा होतो.

पाचला गाडी परत आली. रामकली उतरताच ओरडली, "पोरगी झाली जी! दोघी चांगल्या आहेत." आणि घनश्यामच्या घरी सांगायला गेली.

योगेश्वरी उतरली नाही. गाडी शेडखाली घेतली, इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिली. मी थोडा वेळ वाट पाहिली, मग जवळ गेलो. ती रडत होती. धनेंद्र गेला तेव्हापासून मी तिला रडताना पाहिलं नव्हतं, मला वाटलं होतं तिचा स्वभावच कठीण आहे.

मी विचारलं, "चहा ठेवायला सांगू का रिंकीला?"

तिने मान हलवली. मग म्हणाली, "बाबूजी, घड्याळ लावलं होतं मी. आपल्या दारापासून दवाखान्याच्या दारापर्यंत. बावीस मिनिटं. बावीसच लागतात."

मी फिरून पलीकडच्या दाराने आत शिरलो आणि तिच्या शेजारच्या सीटवर बसलो. समोर टिनाच्या भिंतीवर ऊन होतं, एक कोंबडी येऊन बॉनेटवर बसली. ते ऊन भिंतीवरून उतरेपर्यंत आम्ही दोघं गाडीत बसून होतो.